बिंगो-ओचिआई जंक्शन : चहा मिळत नाही, मेळ चुकत नाही

जंक्शन म्हणजे काय, हे मला बाबांनी शिकवलं. ते लोंढ्याला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते, मीटरगेजच्या काळात. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि रात्रभर शंटिंगचा आवाज भिंतीतून यायचा. मी सहावी-सातवीत असेन. भूगोलाच्या पुस्तकातली व्याख्या पाठ करत होते, "जिथे दोन किंवा अधिक लोहमार्ग मिळतात." बाबा जेवत होते. म्हणाले, "रूळ मिळून काय उपयोग बाय? एका गाडीतनं उतरलेल्या माणसाला दुसरी गाडी गावली पायजे. गावली तर जंक्शन, न्हाईतर नुसता फाटा."

त्या मापानं मी आजवर लोंढा, मिरज, हुबळी, गदग मोजून झालेय. आता त्यात जपानमधलं एक घालते.

लेक हिरोशिमाला नोकरीला आहे. मार्चअखेर मी तिच्याकडे गेले. पहिल्या आठवड्यात सगळे दाखवतात ते तिनंही दाखवलं. शांती उद्यान बघून आल्यावर दोन दिवस माझ्या तोंडात घास फिरत होता, पण तो विषय इथला नव्हे. नंतर तिनं विचारलं, आता काय बघायचं? मी म्हटलं, मला इथलं लोंढं दाखव. डोंगरात असलेलं, आजूबाजूला शहर नसलेलं, तीन वाटा फुटणारं, आणि जिथं माणूस गाडी बदलण्यापुरताच उतरतो असं. तिनं फोनमध्ये बरीच खुडबुड केली आणि म्हणाली, "गावलं बघ तुझं लोंढं. पण आई, तिथं काहीसुद्धा नाही हं." मी म्हटलं, लोंढ्याला तरी काय ताजमहाल आहे?

नकाशा बघितला तेव्हा मात्र मी चाट पडले. बिंगो-ओचिआई हिरोशिमा प्रांतात आहे, शोबारा शहराच्या हद्दीत. हद्द फक्त कागदावरची, नगरपालिकेनं शेजारची पन्नास खेडी पोटात घ्यावीत तशी. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच. तिथून गेइबी लाइन एका बाजूला मियोशीवरून हिरोशिमाकडे उतरते. तीच लाइन दुसऱ्या बाजूला ओकायामा प्रांतात शिरते आणि त्या गाड्या पुढे नीइमीला जातात. तिसरी किसुकी लाइन, ती घाट चढून शिमाने प्रांतात उतरते. तीन वाटा, तीन प्रांत. आणि आपल्या लोंढ्याचं बघा. एक वाट खानापूर, बेळगाव करत मिरजेला, म्हणजे महाराष्ट्रात. दुसरी तिनईघाट, कॅसलरॉकवरून दूधसागराच्या अंगानं गोव्यात. तिसरी अळणावर, धारवाडवरून हुबळीला, कर्नाटकाच्या पोटात. नावांचंही तेच. ओचिआई म्हणजे ओढे-नद्या एकत्र येऊन पडतात ती जागा, असं लेकीनं सांगितलं. आणि लोंढा म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको.

मुक्काम आदल्या रात्री मियोशीला केला. तिकीट 'सेइशुन १८' नावाचं होतं. सेइशुन म्हणजे तारुण्य. तीन दिवसांचं १०,००० येन, सलग तीन दिवस, साध्या गाड्यांतून देशभर कुठेही फिरा. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. माझं वय ६१. खिडकीवरच्या मुलानं तिकीट माझ्या हातात दोन्ही हातांनी दिलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलवली नाही.

सकाळची गाडी म्हणजे एक डबा. चुकून लिहिलं नाही, एकच डबा. डिझेलवर चालणारा, 'किहा १२०' जातीचा, पुढे चालक आणि बाकी कुणी नाही. गार्ड नाही, टीसी नाही. चढताना दाराजवळच्या यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची. चालकाच्या डोक्यावर फळा असतो, त्यात तुमच्या आकड्याखाली भाडं वाढत जातं, आणि उतरताना चालकाशेजारच्या पेटीत तेवढे पैसे टाकायचे. आपल्या बसच्या कंडक्टरनं तिकिटामागे सुटे लिहून ठेवायची पद्धत आठवली. इथं मात्र सुटे करून देणारं यंत्र त्याच पेटीला आहे.

पुढचं बाबांना आवडलं असतं. मधूनमधून गाडी इतकी हळू होते की मला वाटलं सिग्नल पडला नाही. तसं नव्हतं. दरड पडण्यासारखी जागा आली की वेग ताशी २५ किलोमीटरवर आणायचा, असा नियम आहे. डोंगराला जाळ्या घालून भिंती बांधण्यापेक्षा गाडी हळू नेणं स्वस्त. आपल्या कॅसलरॉक ते कुळेच्या २६ किलोमीटरांत १ ला ३७ असा चढ आहे, मालगाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, तिथं हळू जाण्याला कारण चढाचं आहे. इथं कारण पैशाचं आहे. हा फरक पुढे परत येईल.

स्टेशन. लाकडी बैठी इमारत, १९३५ साली सुरू झालेली. दोन फलाट, तीन रूळ. इमारतीला लागून किसुकी लाइनचा फलाट, आणि रूळ ओलांडून गेलं की मधल्या फलाटाच्या दोन्ही अंगांना मियोशी आणि नीइमीच्या गाड्या. पादचारी पूल नाही, भुयार नाही, रुळांवरूनच पायवाट आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी इथं हात जोडावेत.

रूळ बघून मी थबकलेच. अरुंद! लेकीला म्हटलं, ही तर मीटरगेज. तिनं बघून सांगितलं की १०६७ मिलिमीटर. आपली मीटरगेज १००० होती आणि हल्लीची ब्रॉडगेज १६७६. म्हणजे आमच्या लहानपणीच्या लायनीपेक्षा चार बोटांनी रुंद, बस्स. जपाननं बुलेट ट्रेनसाठी मोठे रूळ घातले, पण देशभराच्या जुन्या लायनी या अरुंद रुळांवरच ठेवल्या. आपण नव्वदच्या दशकात मिरज-लोंढा उखडून ब्रॉडगेज केली. मी त्या रुळांकडे बघत उभी राहिले तर लेक म्हणाली, "काय बघूलालीस एवढं?" काय सांगणार. क्वार्टरच्या मागनं एवढ्याच रुंदीचे रूळ जायचे आणि आम्ही पोरं दोन रुळांवर दोघं, हात धरून, तोल सांभाळत शाळेला जायचो. ब्रॉडगेजवर हात पुरले नसते.

रेल्वेचा माणूस तिथं एकही नाही. स्टेशन मास्तर नाही, तिकीटखिडकी बंद. पण घाण नाही, जळमटं नाहीत. आजूबाजूची माणसं आणि जुने रेल्वेवाले आपणहून जागा सांभाळतात. आतल्या खोलीत जुने फोटो लावलेत आणि जुन्या काळच्या स्टेशनाचं छोटं मॉडेल करून ठेवलंय. त्या मॉडेलपाशी मी तासभर तरी असेन. वाफेच्या इंजिनांच्या दिवसांत इथं शंभरावर माणसं कामाला होती. इंजिनांचं कोळसापाणी, शंटिंग, क्वार्टर, सगळं होतं. इंजिन फिरवायची गोल तबकडीही होती, आणि तिचा खड्डा अजून आहे, गवतात. हिरोशिमाहून डोंगर ओलांडून मात्सुएला जाणारी 'चिदोरी' नावाची जलद गाडी इथून जायची. चिदोरी म्हणजे चिखलात तुरुतुरु चालणारा तो छोटा पक्षी. फलाटावर ओदेन-उदोन विकायचे, म्हणजे जाड शेवया गरम रश्शात आणि वर ओदेनचे शिजवलेले तुकडे. गाडी थांबेल तेवढ्यात भुरकायचं. फोटोत वाफेमागे माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पण त्यांची घाई दिसते.

आता काही मिळत नाही. चहासुद्धा नाही. आपल्याकडे गाडी लोंढ्यात शिरायच्या आधी इडली-वड्याची आरोळी डब्यात शिरते. गोव्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथं पुढून काढून मागे लावावं लागतं, कारण दोन्ही लायनी स्टेशनच्या एकाच टोकाला येतात. तेवढ्या वेळात निम्मी गाडी खाली उतरून खाते. जंक्शनला खाण्याचा वास हवा, हे माझं वैयक्तिक मत. बिंगो-ओचिआईला ओल्या लाकडाचा आणि देवदाराच्या पाल्याचा वास आहे. वाईट नाही, पण पोट भरत नाही. आम्ही थर्मासमध्ये चहा, मेथीचे पराठे आणि घरून नेलेलं भडंग घेऊन गेलो होतो म्हणून निभावलं.

आम्ही सकाळी पोचलो आणि मुद्दाम दुपारच्या गाडीपर्यंत थांबलो. लेकीला हे पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, स्टेशन बघायला वीस मिनिटं पुरतात. मी म्हटलं, स्टेशन बघायचं नसतं, स्टेशनात थांबायचं असतं. वर्गात पोरं कशी आहेत ते तपासणीसाहेब आल्यावर कळत नाही, मधल्या सुट्टीत कळतं. मी तेहेतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय, त्यातली बरीचशी खानापूरहून पॅसेंजरनं जाऊन-येऊन.

थांबल्यावर काय दिसलं? आधी शांतता. इतकी की खालच्या ओढ्याचं पाणी दगडावर कुठं आपटतंय ते कळावं. कोपऱ्यात, सावलीला, मळकं बर्फ एप्रिलमध्येही उरलेलं होतं. अस्वलापासून सावध राहा, अशी पाटी होती. भीमगडच्या रानाकडेच्या आमच्या गावांत अशी पाटी लागत नाही, कारण अस्वल आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

मग घरं दिसली. लांबवर चार-पाच, आणि गाडीतून येताना पुष्कळ. सगळ्यांची कौलं तांबूस-तपकिरी, चकचकीत. मी खानापूरची, कौलावरून नजर हलत नाही. आमच्याकडची माती कौलांची नि मडक्यांची, कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्थाही आमच्या गावात आहे. ही कौलं शिमाने प्रांताच्या इवामी भागातली, 'सेकिशू' म्हणतात. बाराशे अंशांच्या वर भाजतात, म्हणून पाणी पीत नाहीत आणि आत गोठून फुटत नाहीत. आमची कौलं पावसाला पुरतात, पण पावसाळ्यात शेवाळ धरतात. बर्फाला किती टिकतील कोण जाणे. यांची झिलई बघून मला थोडा मत्सर वाटला, लपवत नाही.

फलाटावरची पाटी मला फार आवडली. गावाचं नाव मोठ्या अक्षरांत सोप्या हिरागाना लिपीत आहे, पहिलीतलं पोरही वाचेल असं, आणि खाली चिनी अक्षरं नि रोमन. पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली, यावरून आमच्याकडे काय काय होतं ते बेळगावच्या वाचकांना ठाऊक आहे. सोडते.

खोलीत एक वही ठेवली आहे, येणाऱ्यांनी लिहायला. जपानी सोडून थोडं इंग्रजी, थोडं चिनी होतं. मी मराठीत चार ओळी लिहिल्या. शुद्धलेखन दोनदा तपासलं. न जाणो कुणी मास्तर येईल.

आणि मग दुपारी अडीचच्या सुमाराला ते झालं, ज्यासाठी हे स्टेशन पूर्ण गुणांना पात्र आहे. दिवसातून एकदाच होतं. आधी दुरून शिट्टी, मग एका दिशेनं एक डबा. काही मिनिटांत दुसऱ्या दिशेनं दुसरा. मग तिसरा. मियोशीचा, नीइमीचा आणि किसुकीचा, तीन दिशांचे तीन डबे एकाच वेळी तिन्ही रुळांवर उभे. सकाळपासून आम्ही दोघी होतो, आता अचानक पंचवीस-तीस माणसं झाली. त्यातली बहुतेक कॅमेरेवाली. उतरले, धावत इकडचा फोटो, तिकडचा फोटो, पाटीचा फोटो.

त्या गडबडीत नीइमीच्या डब्यातून एक म्हातारी उतरली. पाठीत वाकलेली, हातात चाकांची छोटी ढकलगाडी, त्यावर कापडात बांधलेलं बोचकं. कॅमेरा नसलेली ती एकटीच. तिला मियोशीच्या डब्यात जायचं होतं. तो त्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला, दहा-पंधरा पावलं. पण तिची पावलं तुमच्या-माझ्यासारखी नव्हती. मध्येच थांबून तिनं बोचकं नीट केलं. मियोशीच्या डब्याचा चालक दाराशी उभा राहून बघत होता. घड्याळाकडे नाही, तिच्याकडे. ती चढली, बसली, ढकलगाडी पायांमध्ये घेतली, तेव्हा तो आत गेला. गाडी वेळेवरच सुटली, कारण थांबायचा वेळ वेळापत्रकातच धरलेला आहे. लेक त्याआधी तिच्याशी दोन शब्द बोलली होती. बहिणीकडे चालली होती.

नाव घेत नाही, पण आमच्या भागातल्या एका मोठ्या जंक्शनवर माझ्या आईला हाताला धरून मी पुलाच्या पायऱ्या चढत होते आणि खाली आमची जोडगाडी हलली. आईनं वरून बघितलं. म्हणाली, "जाऊ दे, तिला पण घाई असंल." पुढची गाडी पाच तासांनी. वेटिंग रूमला कुलूप होतं. त्या रात्री मला बाबांचं वाक्य पहिल्यांदा नीट कळलं. म्हणून ती म्हातारी बसेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता, हे लेकीला नंतर सांगितलं.

एवढ्यावर थांबले असते तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. पण मी गाडीनं नोकरी केलेली बाई आहे, आणि फोटो काढून माझं समाधान होत नाही. मी भिंतीवरचं वेळापत्रक लेकीकडून वाचून घेतलं आणि वहीत हिशेब मांडला. समजा, त्या म्हातारीला उलट, आपल्या गावाहून दवाखान्यात जायचं आहे. सकाळी जायचं, डॉक्टरला दाखवायचं, दुपारी घरी. आमच्या खेड्यांतल्या बायका पॅसेंजरनं बेळगावला हेच करतात. नीइमीच्या दिशेला दिवसात गाड्या तीन. एक पहाटे, एक दुपारी, एक रात्री. किसुकीलाही तीनच. मियोशीकडे थोड्या जास्त. पहाटेची चुकली तर दुपारपर्यंत बसा, दुपारची चुकली तर रात्रीपर्यंत. मेळ सुंदर आहे, पण तो एकदाच आहे, आणि तो अशा वेळी आहे की जेव्हा दवाखान्यातून परतणारा माणूस अजून दवाखान्यात असतो. बाहेरून फोटोला येणाऱ्याची सोय उत्तम. आतल्या गावकऱ्याची नाही.

त्याला कारण आहे, आणि ते ऐकून मी गप्प झाले. पलीकडच्या तोजो गावापासून बिंगो-ओचिआईपर्यंतच्या तुकड्यावर २०१९ साली दिवसाला सरासरी ११ प्रवासी होते. अकरा. माझ्या पहिलीच्या वर्गात, मराठी शाळेला पोरं मिळत नाहीत म्हणून आम्ही दारोदार फिरत होतो त्या वर्षीसुद्धा, तेरा होती. २०१७ ते २०१९ च्या सरासरीत त्या तुकड्यावर १०० येन मिळवायला रेल्वेला २५,००० येनच्या वर खर्च येत होता. म्हणून डोंगराला जाळी नाही, म्हणून २५ चा वेग, आणि वेग नाही म्हणून ज्याच्याकडे मोटार आहे तो मोटारीनं जातो. शेजारून चांगला रस्ता जातो. मग उरतात अकरा. हे चक्र मला शाळेच्या पटावरून तोंडपाठ आहे. पोरं कमी म्हणून मास्तर कमी, मास्तर कमी म्हणून पोरं कमी.

१९८७ साली तिथल्या सरकारी रेल्वेचे तुकडे करून खासगी कंपन्या केल्या, त्यातल्या जेआर वेस्टकडे ही लाइन आली. २०२३ च्या ऑक्टोबरात नवा कायदा लागू झाला आणि कंपनीनं त्याच महिन्यात मागणी केली की बिच्चू-कोजिरो ते बिंगो-शोबारा या ६८.५ किलोमीटरच्या तुकड्याचं पुढं काय करायचं ते सरकारनं सगळ्यांना बसवून ठरवावं. मार्च २०२४ मध्ये पहिली बैठक झाली. त्या कायद्याखालची देशातली ही पहिलीच समिती. कंपनी म्हणते, हे ओझं आम्हाला झेपत नाही. प्रांतवाले म्हणतात, शहरातल्या नफ्याच्या लायनी तुमच्याच आहेत ना?

समिती, आयोग, अहवाल. आम्हा सीमाभागातल्या माणसांनी हे शब्द आईच्या दुधाबरोबर प्यालेत, त्यामुळे लेक वाचून दाखवत असताना मला हसू आलं. तिला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. हद्दीवरच्या स्टेशनाचं असंच असतं. हिरोशिमावाल्यांना ते डोंगरातलं टोक, ओकायामावाल्यांना पलीकडचं, शिमानेवाल्यांना घाटाखालचं. राजधानीतून बघितलं की प्रत्येकाच्या नकाशाच्या कडेला. लोंढ्याच्या नशिबानं तिथून मालगाड्या जातात, मुरगाव बंदर घाटाखाली आहे. १८८८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून घाट चढवला तो बंदरासाठी, आम्हा खेडवळांसाठी नव्हे. पण बंदराच्या पुण्याईनं आमची पॅसेंजरही चालते. ओचिआईच्या मागे बंदर नाही.

म्हणून माझे गुण असे. बाबांच्या मापानं, म्हणजे मेळाला, पाचपैकी पाच. स्वच्छतेला पाच, आणि ते गुण रेल्वेचे नव्हेत, तिथं झाडू मारणाऱ्या गावकऱ्यांचे. दवाखान्याच्या परीक्षेत एक. खाण्याला शून्य. लेक म्हणाली, तारे एकत्र करून द्यायचे असतात. बरं मग, साडेतीन.

आम्ही पुढे किसुकीच्या डब्यात बसलो. ही लाइन शिंजीपर्यंत ८१.९ किलोमीटर, १९३७ साली पुरी झाली, आणि जाणार असाल तर तिच्यासाठी तरी जा. मिइनोहारा स्टेशन ७२७ मीटरवर, जेआर वेस्टच्या सगळ्या स्टेशनांत उंच. तिथून खालच्या इझुमो-साकानेपर्यंत उतार इतका की गाडी सरळ उतरूच शकत नाही. पुढे जाते, थांबते, चालक आपली पिशवी उचलून डब्याच्या मागच्या टोकाला चालत जातो, आणि गाडी उलटी निघते. स्टेशनात येते, परत चालक इकडून तिकडे, परत दिशा बदल. तीन पायऱ्यांचा जिना समजा. खंडाळ्याच्या घाटात इंग्रजांच्या काळी असंच होतं म्हणतात. इथं ते रोज, आजही, एका डब्यासाठी करतात. चालक दुसऱ्यांदा माझ्या शेजारून गेला तेव्हा मी पाय आत घेतले आणि त्यानं मान लववली. बाजूला डोंगरात रस्त्याचा मोठा गोल गोल पूल दिसतो, आठ तोंडांच्या ओरोची नागाचं नाव दिलेला. तो नाग याच डोंगरातला, अशी तिथली पुराणकथा. मोटारी त्या पुलावरून चार मिनिटांत उतरतात. आम्हाला कितीतरी जास्त लागली.

जाणाऱ्यांना सांगण्यासारखं थोडं. रोख पैसे आणि सुटी नाणी ठेवा. हिरोशिमात चालणारं रेल्वेचं कार्ड या डोंगरात चालत नाही. जोराचा पाऊस झाला की गाड्या बंद ठेवतात, आणि थंडीत बर्फामुळे किसुकी लाइनचा वरचा भाग कित्येक दिवस बंद असतो, तेव्हा आधी विचारून निघा. फक्त तो दुपारचा मेळ बघायचा असेल तर मियोशीहून दुपारच्या गाडीनं या, माझ्यासारखं अर्धा दिवस बसू नका. बसायचं असेल तर दोन जणांचं जेवण आणि स्वेटर आणा. भडंग न्या, गाडीत कुरुमकुरुम आवाज होतो आणि सगळे बघतात, पण कुणी काही म्हणत नाही.

आणि रिकाम्या बाटल्या न्या. इझुमो-साकानेच्या स्टेशनात झऱ्याचं पाणी आहे, आयुष्य वाढवणारं म्हणतात. गाडी थांबते तेवढ्यात भरून होतं. मी दोन भरल्या. एक लेकीच्या फ्रिजमध्ये ठेवली. दुसरी इकडे बाबांच्या फोटोपुढं ठेवायला म्हणून हातातल्या पिशवीत घातली आणि ती विमानतळावर काढून घेतली.